एकाच क्रमांकाची दोन माणसं

रीना साखरे नागपूरची कंपनी सोडून गोंदियाला आली तेव्हा तिच्या बापाला आधी वाटलं, पोरीला कामावरून काढलं असणार. सडक अर्जुनीला हायवेवर त्याचं ट्रकच्या टायरचं दुकान होतं. थांबलेल्या ड्रायव्हरांना तो सांगायचा, "पोट्टी कॉम्प्युटरचं मोठं शिकली न् आता दवाखान्यात बसून राहिली."

दवाखाना म्हणजे सिकलसेलची तपासणी आणि सल्ला देणारा एक ट्रस्ट. या भागात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, पुन्हापुन्हा रक्त चढवावं लागतं. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही. दोघांकडून आला की जन्माचं दुखणं. म्हणून ट्रस्टचं म्हणणं एवढंच असायचं, की लग्न जुळवायच्या आधी दोघांचं रक्त पाहून घ्या. दोन वाहकांनी आपसात लग्न करायचं की नाही, ते निदान जाणून-समजून ठरवा.

ट्रस्टची केंद्रं तीन, गोंदिया, देवरी आणि सालेकसा. तिन्हीकडं कॉम्प्युटर आले ते वेगवेगळ्या वर्षी, आणि माहिती भरायची सोय करून दिली ती वेगवेगळ्या माणसांनी. त्यामुळं डेटाबेसही तीन तऱ्हेचे. देवरीत पूर्ण नाव एकाच रकान्यात, गोंदियात नाव आणि आडनाव वेगळं, सालेकशात सगळे रकाने इंग्रजीत. दर आठवड्याला बाकीच्या दोन्ही केंद्रांतून पेनड्राइव्हवर माहिती यायची आणि गोंदियाच्या मशीनवर चढवली जायची. पण पाहायची झाली तर तीन वेगवेगळे प्रोग्राम उघडावे लागायचे.

ट्रस्टचे प्रमुख डॉ. ईश्वरदास रहांगडाले सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी रीनाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बेटा, मला एक खिडकी पाहिजे. माणूस कुठल्या का केंद्रात तपासलेला असो, नाव टाकलं की दिसला पाहिजे."

रीनानं ती खिडकी बनवली. दोन हजार नऊचा पावसाळा तिचा त्यातच गेला. प्रोग्रामपुरत्या तिनं दोनच वस्तू ठरवल्या, एक 'रुग्ण' आणि दुसरी 'तपासणी'. कुठल्या डेटाबेसच्या कुठल्या टेबलात, कुठल्या रकान्यात त्या सापडतील, ते तीन नकाशांत वेगळं लिहून ठेवलं. मधली धावपळ ओआरएम नावाचं तयार सॉफ्टवेअर करायचं. प्रोग्रामनं म्हणावं, मला अमका रुग्ण दे. ओआरएमनं नकाशा पाहावा, त्या त्या डेटाबेसशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलावं आणि तयार वस्तू हातात आणून द्यावी. प्रोग्रामला तिन्ही गावं सारखीच. पहिल्यांदा देवरीजवळच्या चिचगडचा माणूस आणि सालेकशाची बाई एकाच यादीत खालीवर दिसली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि चहा मागवला.

गैरसोय एकच होती. मशीन जुनं, माहिती पुष्कळ, त्यामुळं निकाल उघडायला वेळ लागायचा. सल्ल्याचं काम पाहणाऱ्या नूतनताई कटरे कुरकुरायच्या, "अगं, समोर पेशंट बसला असतो आणि मी त्याच्याकडं बघून हसत राहते." संक्रांत झाल्यावर रीनानं त्यावर उपाय काढला. तपासणीचा निकाल एकदा लागला की बदलत नाही. मग तो दर वेळी डेटाबेसमधून कशाला आणायचा? एकदा आणला की जवळच ठेवायचा आणि पुन्हा मागितला की तिथूनच द्यायचा. ओआरएममध्ये तशी सोय होतीच. तिनं ती चालू केली, आणि खिडकी झटपट उघडायला लागली. नूतनताईंनी तिला घरून मुरमुऱ्याचे लाडू आणून दिले.

एप्रिलमध्ये एका सकाळी नूतनताईंनी तिला आपल्या खोलीत हाक मारली. समोर खुर्चीत उदाराम बसला होता. देवरीकडचा हा जुना पेशंट; पोरवयापासून या आजाराचा. डोळे कायम पिवळसर, चालायला काठी. आता कंबर फार दुखायला लागली म्हणून गोंदियाला आला होता.

"हे बघ," नूतनताईंनी स्क्रीन वळवली.

नाव उदारामचं, गाव उदारामचं, केंद्र देवरी. आणि निकाल, 'सामान्य'.

"मंग मी बरा झालो म्हना की बाई!" उदाराम हसला. "आता काठी टाकतो न् घरी जातो."

दारात उभा असलेला शिपाई म्हणाला, "मॅडम, बंद करके चालू करो. ठीक हो जाता है." नूतनताईंनी केलं. पुन्हा उदाराम उघडला तर 'सिकलसेल ग्रस्त', जसं असायला हवं तसं.

"झालं की ठीक," नूतनताई म्हणाल्या, पण त्यांनी रीनाकडं पाहिलं.

रीना हलली नाही. बंद करून चालू केल्यावर जे आपोआप बरं होतं ते मुळात बरं झालेलं नसतं, एवढं नागपूरच्या नोकरीनं तिला शिकवलं होतं. तिनं विचारलं, "ताई, यांच्या आधी आज कोणाकोणाचं उघडलं होतं?"

"सालेकशाच्या दोन पोरी. कॉलेजच्या कॅम्पमधल्या."

रीनानं त्याच क्रमानं उघडून पाहिलं. आधी त्या पोरी, मग उदाराम. उदाराम पुन्हा 'सामान्य'. तिनं प्रोग्राम बंद केला, चालू केला आणि उलट क्रम लावला. आधी उदाराम, मग त्या पोरी. आता उदाराम बरोबर होता, आणि त्या दोघींपैकी एक चांगली धडधाकट पोरगी 'सिकलसेल ग्रस्त' होऊन बसली होती.

रीनानं दोन्ही तपासण्यांचे क्रमांक काढले. त्या पोरीच्या तपासणीचा क्रमांक आणि उदारामच्या तपासणीचा क्रमांक एकच होता. असणारच. प्रत्येक केंद्रानं आपापली मोजणी एकपासून सुरू केली होती.

ही गोष्ट तिला माहीत नव्हती असं नाही. म्हणूनच तर तिन्ही डेटाबेससाठी तिनं तीन वेगळी दारं केली होती. देवरीचा माणूस देवरीच्या दारातून, सालेकशाचा सालेकशाच्या. नाव शोधलं की प्रोग्राम दर वेळी त्या त्या डेटाबेसकडं जाऊन नाव आणायचा, म्हणून नावं कधी चुकली नाहीत. पण आणलेले निकाल ठेवायची कोठी तिघांची एकच राहिली होती. कोठीत ठेवलेल्या निकालावर खूण असायची ती फक्त 'तपासणी' आणि तिचा क्रमांक. केंद्र कुठलं, ते कुठंच नव्हतं. सकाळी सालेकशाचा निकाल कोठीत पडला, आणि नंतर देवरीनं त्याच क्रमांकाचा मागितला की कोठीतून तोच बाहेर यायचा. तपासून पाहताना तिनं एकेक केंद्र वेगळं घेतलं होतं. तसं घेतलं की चूक दिसायचीच नाही.

दुरुस्तीला जेवणाच्या सुटीइतकाही वेळ लागला नाही. प्रत्येक केंद्राची कोठी वेगळी केली, निकालाच्या खुणेत केंद्राचं नाव घातलं, बस. पुन्हा सगळे क्रम उलटसुलट लावून पाहिले. उदाराम उदारामच राहिला.

"झालं," रीना म्हणाली.

नूतनताई तिच्या खुर्चीच्या मागंच उभ्या होत्या. "पुढचं झालं गं," त्या म्हणाल्या. "संक्रांतीपासून मी लोकांना जे सांगितलं, त्याचं काय?"

कोणाचं पान कधी उघडलं, एवढं प्रोग्राम टिपून ठेवायचा. त्यावर काय दिसलं ते मात्र नाही. रीना एकेक नाव काढत गेली. ज्याच्या आधी दुसऱ्या केंद्राचा तोच क्रमांक उघडला गेला होता, असा माणूस आला की ती थांबायची आणि नूतनताई आठवून सांगायच्या, त्याला आपण काय म्हटलं होतं. बहुतेकांचं काही बिघडलेलं नव्हतं. दोन्ही निकाल सामान्यच होते. एका आमगावच्या मास्तरांना उगीचच वाहक म्हटलं होतं. त्यांना नूतनताईंनी तिथल्या तिथं फोन लावला, माफी मागितली, आणि मास्तर खूश झाले.

मग रत्नपाल नंदागवळीचं नाव आलं, आणि नूतनताईंनी त्यावर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"याला मी सामान्य सांगितलं," त्या म्हणाल्या. "देवरीच्या डेटाबेसमध्ये काय आहे?"

"वाहक."

नूतनताई खुर्चीवर बसल्या. "अगं, हा चिचगडचा. देवरी–चिचगड काळीपिवळी जीप चालवतो. शाळेत तपासलेला, पण कार्ड हरवलं आणि निकाल विसरला, म्हणून इथं विचारायला आले. सालेकशाच्या अल्का उकेशी जुळलं त्याचं. दोन्ही घरची माणसं इथंच बसली होती, या बाकावर. अल्का वाहक आहे, ते तिला आधीपासून माहीत होतं. तिच्या मायची एकच अट होती, पोरगा वाहक नको. मी स्क्रीनवर पाहून सांगितलं, पोरगा सामान्य आहे, खुशाल करा. साक्षगंध झालं. त्यांचा पेढा मी खाल्ला, रीना. बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवसांनी लग्न आहे."

डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडं सरकवत राहिले.

"चूक दुरुस्त झाली ना?"

"प्रोग्राममधली झाली, साहेब."

"बेटा, पहिल्यांदा आम्ही त्या गावांत गेलो तेव्हा लोक म्हणाले, हे रक्त काढून विकतात. एकेका घरी चार-चारदा गेलो, तेव्हा कुठं बोट पुढं केलं लोकांनी. आता आपणच जाऊन सांगायचं, की आमच्या मशीननं खोटं सांगितलं? उद्या कॅम्पला कोण येईल?"

"लग्न झालं आणि लेकरू आजारी निघालं, तर ते आधी इथंच येतील," रीना म्हणाली. "तेव्हा काय सांगायचं? आणि मशीननं नाही साहेब, ते माझ्या हातून झालं. तुम्ही परवानगी दिली नाही तरी मी जाईन. फक्त ट्रस्टकडून गेले तर बरं दिसेल."

नूतनताईंनी डोळे मोठे केले. डॉक्टरसाहेबांशी असं कोणी बोलत नसे. पण डॉक्टरांनी पेपरवेट जागेवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आधी रक्त पुन्हा घ्या. देवरीचा निकालही चुकीचा असू शकतो. या वेळी स्क्रीनवर नको. तपासणीची पट्टी मी स्वतः पाहीन. आणि घेताना खरं काय ते सांगूनच घ्या."

रीना आणि नूतनताई देवरीपर्यंत बसनं गेल्या. तिथून पुढं चिचगडला जायचं तर रत्नपालचीच काळीपिवळी स्टँडवर उभी होती. त्यानं नूतनताईंना ओळखलं, पुढच्या सीटवरचा फडका झटकला. "बसा मॅडम. पत्रिका द्यायले तुमच्याकडंच येनार होतो." रस्ताभर तो गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं काम, मांडव, गावात पाण्याची सोय, असलं बोलत राहिला. मागं तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, निघालेल्या बाया बसल्या होत्या. अशा गाडीत सांगण्यासारखं नव्हतं. दोघी नुसत्या हं हं करत राहिल्या.

घरी देवीदासनं, म्हणजे रत्नपालच्या बापानं, अंगणात खाट टाकली. पाणी आलं. रीनानं पाणी पिऊन गिलास खाली ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. प्रोग्राम तिनंच केला, त्यात चूक राहिली, म्हणून दुसऱ्याच माणसाचा निकाल दिसला. देवरीच्या नोंदीप्रमाणं रत्नपाल वाहक आहे. पुन्हा तपासायला रक्त घ्यायचं आहे.

देवीदासला आधी नीट उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तो उठून उभा राहिला.

"साक्षगंध झालं, सोयऱ्यायले सांगतलं, पत्रिका वाटून राहिलो, न् आता तुमी येता? तवा कायले सांगतलं मंग? तुमच्या कॉम्प्युटरले काय, आज हे दाखवन, उद्या ते दाखवन!"

"काका, तुमचं बरोबर आहे," रीना म्हणाली.

"बरोबर आहे तं जा मंग! आमी काही आयकलं नाही न् तुमी काही सांगतलं नाही."

"बाबा," रत्नपाल म्हणाला. तो इतका वेळ जीपच्या चाकाला टेकून उभा होता. "अल्काचा भाऊ याच्यातच गेला. मायची अट तुमाले माहीत आहे. लपवून कसं करता?" मग त्यानं बाही वर सरकवली आणि खाटेवर येऊन बसला. "घ्या मॅडम."

नूतनताईंनी रक्त घेतलं. देवीदास पाठ फिरवून मोहाच्या झाडाकडं निघून गेला आणि त्या निघाल्या तरी परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "वाहकच आहे." रीनानं फोन करून रत्नपालला तेच सांगितलं. तो म्हणाला, "सालेकशाले मी सांगतो. तुमी नोका सांगू."

"तुम्हीच सांगा. पण आम्ही येतो बरोबर. चूक तुमची नाही हे त्यांना आमच्या तोंडून कळलं पाहिजे."

"ठीक आहे," तो म्हणाला. "आमगावले उतरा, मी गाडी घेऊन येतो."

आमगावहून तिघं सालेकशाकडं निघाले. जंगल लागलं तेव्हा रत्नपालनं एकदाच विचारलं, "मॅडम, तुमचं काय आहे?"

"वाहक," रीना म्हणाली.

"मंग तुमी लग्नाच्या पोराले आधी कार्ड दाखवान?"

"दाखवीन."

त्यानं मान हलवली आणि गियर बदलला.

कलाबाई उके अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं हातानं पालटत होती. होणारा जावई अवचित आला म्हणून ती गडबडीनं पदर सावरत उठली, पण नूतनताईंना पाहून तिचे हात थांबले. अल्का गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. तिला निरोप पाठवून बोलावून घेतलं. ती आली ती हातावरची शाई ओढणीला पुसत.

रत्नपालनंच सांगितलं. आडपडदा न ठेवता, दोन वाक्यांत. मग रीनानं आपला वाटा सांगितला. कलाबाई ऐकत होती आणि फुलं पालटत होती. तिचा थोरला पोरगा, सुगत, कॉलेजात जायच्या वयात गेला होता. घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याचा शाळेतला फोटो होता. त्यात तो वयापेक्षा लहान दिसत होता.

"मी बोलत नाही," कलाबाई शेवटी म्हणाली. "मी एकदा बोलली होती. आता पोरीनं बोलावं."

अल्का रत्नपालला घेऊन कुंपणापलीकडं गेली. रीनाला ते दोघं दिसत होते, ऐकू येत नव्हते. अल्का बोलत होती, तो खाली पाहत होता. मग तो काही बोलला आणि ती हसल्यासारखी झाली. रेल्वेलाइनवरून एक मालगाडी गेली, लांबलचक, आणि ती संपेपर्यंत दोघं तिच्याकडं पाहत राहिले.

परत आल्यावर अल्का नूतनताईंसमोर उकिडवी बसली.

"तुमी म्हनता ना ताई, दोघं वाहक तं चारातून एक लेकरू आजारी. कोनता एक?"

"ते कोणालाच सांगता येत नाही बाई. पहिलाच असू शकतो. एकही नसू शकतो. दर बाळंतपणाला तेवढीच शक्यता."

"आधी कळत नाही?"

"कळतं. मोठ्या दवाखान्यात पोटातल्या गर्भाची तपासणी होते. आजार असला तर..." नूतनताई अडखळल्या. "तर मग ठेवायचं की नाही, ते आईबापांनी ठरवायचं."

अल्का जमिनीकडं पाहत म्हणाली, "म्हंजे सुगतदादासारखा असला तं पाडायचा."

कलाबाईनं पालटलेली फुलं पुन्हा पालटली.

"दादाचे पाय मी दाबले," अल्का म्हणाली. "रडायचा तवा मले म्हनायचा, अल्के, कविता म्हन. मी म्हनायची. तसं लेकरू पुन्हा पाहनं माह्यानं होनार नाही. न् तू नोको म्हनून त्याले पोटातच सांगनं, तेही होनार नाही." ती रत्नपालकडं वळली. "तुमच्यात काही कमी नाही. तुमी सोता आले सांगायले, हे मी इसरनार नाही."

रत्नपाल म्हणाला, "मी म्हटलं तुले, मले चालते." आवाज मोठा नव्हता.

"तुमाले चालते. मले नाही चालत."

कलाबाईनं तेव्हा पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला. पण उठून तिनं चहा केला, आणि चौघांनाही तो प्यावा लागला. रत्नपाल कप खाली ठेवून आधी तिच्या पाया पडला आणि मग गाडीत जाऊन बसला. परतीच्या रस्त्यात त्यानं गाणी लावली नाहीत. आमगाव स्टेशनसमोर दोघींना उतरवताना नूतनताईंनी त्याच्या हाताला धरलं. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, बाबाले समजावतो आता." आणि निघून गेला.

लग्न मोडल्याची बातमी दोन्हीकडं पसरली. कॅम्पचं काय होईल, ही डॉक्टरसाहेबांची भीती अर्धी खरी निघाली. चिचगडला पुढच्या कॅम्पला दोन-तीन घरांनी येणं टाळलं. देवीदास तर नूतनताईंना रस्त्यात पाहून तोंड फिरवायचा. सालेकशाला मात्र उलट झालं. कलाबाई स्वतः शेजारच्या बायांना घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पाहा बाई, यायनं चुकलं तं घरी येऊन सांगतलं."

रीनानं त्यानंतर प्रोग्रामला एक गोष्ट शिकवली आणि एक शिकवली नाही. निकाल दाखवताना त्याच्या बाजूला केंद्राचं नाव आणि त्या माणसाचं नाव पुन्हा एकदा डेटाबेसमधून ताजं आणायचं, आणि जुळलं नाही तर निकाल दाखवायचाच नाही, हे शिकवलं. थोडा वेळ जास्त लागायचा, नूतनताई आता त्याबद्दल कुरकुरत नव्हत्या. लग्नाचा सल्ला मात्र स्क्रीन पाहून द्यायचा नाही, मूळ कागद हातात घेऊनच द्यायचा, असं तिघांनी मिळून ठरवलं. तिला कित्येक दिवस मधेच काम करताना कुंपणापलीकडं उभे असलेले ते दोघं आठवायचे. सांगितलं नसतं तर त्यांचं लग्न झालं असतं. कदाचित लेकरंही चांगली झाली असती. त्या कदाचितचं काय करायचं, ते तिला कळलं नाही. बापाला तिनं एकदा हे सांगितलं. तो पान्हा खाली ठेवून म्हणाला, "चाकाचा नट ढिला दिसला तं ड्रायव्हरले सांगाच लागते. मंग तो जावो का राहो," आणि पुन्हा टायरला भिडला.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी रत्नपाल ऑफिसात आला. गोंदियाची सवारी होती म्हणाला. तब्येत थोडी उतरली होती, पण दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"माहं कार्ड बनवून द्या मॅडम. शाळेतलं हरवलं."

"कशाला पाहिजे?"

"अर्जुनी मोरगावची एक पोरगी पाहायले जाऊन राहिलो. आता आधीच दाखवतो. जुळल्यावर दाखवन्यात काही मजा नाही."

रीनानं देवरीहून आलेला कागद कपाटातून काढला, डॉक्टरांच्या सहीचा नवा कागदही काढला, दोन्ही स्क्रीनशी ताडून पाहिले आणि कार्ड लिहिलं. तो उभा राहून पाहत होता.

"अल्काचं जमलं," तो म्हणाला.

"तिच्याबद्दल मी काही नाही सांगू शकत, रत्नपाल."

"तुमाले कोन विचारून राहिलं? तिनंच फोन केला होता. आमगावचा पोरगा आहे." त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "चांगला आहे म्हने."

"आणि काका?"

"बाबा बोलून राहिले आता माह्याशी. तुमच्याशी बोलाले येळ लागन." तो हसला आणि कार्ड लायसनच्या पाकिटात ठेवलं. बाहेर त्याच्या गाडीतल्या कोणी तरी हॉर्न दाबायला सुरुवात केली होती. तो "येतो मॅडम" म्हणून पायऱ्या उतरून गेला.

नूतनताई आतून आल्या. "काय म्हणत होता गं तो?"

"कार्ड न्यायला आला होता."

"दिलंस?"

"दिलं," रीना म्हणाली, आणि दोन्ही कागद कपाटात परत ठेवायला उठली.